मशीनचा कागद सोबत जोडला आहे

॥ जय सेवालाल ॥

सिद्धेश्वर कॅम्पजवळचा तांडा, ता. औंढा, जि. हिंगोली
(उत्तर लिहिताना जिल्हा परभणी टाकू नये, पत्र सगळीकडं फिरून महिन्यानं येतं)
रविवार, ७ जानेवारी २००१

आदरणीय व्याहीबुवा प्रेमदासजी चव्हाण यांच्या सेवेशी, संतराम राठोड, निवृत्त कालवा चौकीदार, याचा दोन्ही हात जोडून रामराम. व्याहीणबाईंना रामराम. जावईबापू जगनरावांना आशीर्वाद. नातू सेवा याला माझे पाच पापे (मिना, हे तू माझ्या वतीनं घे, दाढी टोचल्यासारखं कर म्हणजे त्याला माझेच वाटतील). इकडं सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येईलच. तुमचा गुडघा थंडीत आखडतो का? व्याहीणबाईंनी दाढ काढली का अजून लवंगेवरच भागवून राहिल्या? हळदीचा कंद यंदा बरा धरला असं फारुक जीपवाला सांगत होता, पण फारुकच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, हे तुमच्याएवढं कोणाला माहीत.

तुम्ही शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि जगनरावांना अक्षर दिसलं की झोप येते, म्हणून हे पत्र मिनाच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी एक सूचना. कंसात जे लिहिलं असेल ते तिच्यापुरतं आहे, तिनं ते मनातल्या मनात वाचावं. (मिना, वरचा कंस मोठ्यानं वाचलास ना? मला वाटलंच. जाऊ दे, पुढं चल.)

तर कारण असं की, दोन वर्षांखाली दिवाळीच्या पाडव्याला, माझ्या अंगणात, जीपच्या फळीवर एक पाय ठेवून, पाच माणसांसमोर तुम्ही बोललात, "आता मशीनीचा कागद दाखवल्याबिगर पोरीला धाडनार न्हाई." बराबर? शब्द इकडचा तिकडं झाला असेल तर सांगा. तर व्याहीबुवा, कागद मिळाला. सोबत जोडला आहे. त्यावरच्या उभ्या टोकांकडं नीट बघा. चांगल्या माणसाच्या काळजाची टोकं सारख्या अंतरानं येतात. माझी बघा, दोन जवळजवळ, मग एक लांब, मग तीन चिकटून, आणि मधल्या रेघेला नुसतं कापरं भरलेलं. खाली इंग्रजीत लिहून डॉक्टरांनी सही केली आहे. सही खरी आहे, मी समोर बसून घेतली. कागद उन्हात ठेवू नका, चुलीजवळही नको, त्याची अक्षरं उडून जातात म्हणे. (मिना, कागद मामांच्या हातात दे. उलटा धरला तरी सुधारू नको, तो दोन्हीकडून सारखाच वाईट दिसतो.)

आता हा कागद मिळायला चार वर्षं काहून लागली, ते सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण तेवढ्या काळात तुमच्या तांड्यावर मला 'सोंगाड्या संतराम' म्हणतात असं माझ्या कानावर आलं आहे. पहिल्यांदा झालं ते शहाण्णवच्या पोळ्यानंतर. मी कालव्याच्या गेटवर होतो, चाक फिरवत होतो, आणि छातीत एकदम टोपल्याखाली कोंबडं कोंडल्यासारखं फडफडायला लागलं. घाम, अंधारी, पाय कापसाचे. फारुकनं जीपमधी घातलं आणि हिंगोलीला नेलं. दवाखान्यात केसपेपर काढायची लाइन, मग वजनाची लाइन, मग मशीनची लाइन. मशीनच्या लाइनमधी माझ्यापुढं दोन माणसं राहिली असताना कोंबडं गपकन बसलं. मशीनवर टोकं आली ती अशी सारख्या अंतरानं की डॉक्टर म्हणाले, गॅस आहे, ओवा खा. इकडं फारुकनं काय केलं? औंढ्याच्या स्टँडवर सांगितलं की संतरामला छातीत होऊन राहिलं. औंढ्याच्या माणसानं वसमतला सांगितलं की संतराम अखेरचं बघून राहिला. वसमतहून तुमच्या कुरुंद्याला पोचेपर्यंत मी गेलो होतो.

तुम्ही खुरपणीच्या बाया परत पाठवल्या, जीप केली आणि अकरा माणसं घेऊन निघालात. तुमच्या हिरासिंगकाकांनी तर वाटेत वसमतला उतरून साडेचार मीटर पांढरं कापड घेतलं. आणि आलात तर मी ओसरीवर पिठलं-भाकरी खात बसलेलो. व्याहीबुवा, मला जिवंत बघून तुम्हाला आनंद झाला असणार, पण त्या दिवशी तो काही दिसला नाही. हिरासिंगकाका कापडाचं पुडकं पाठीमागं धरून उभे होते. दुकानदारानं ते परत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी त्याच्या दोन बंड्या शिवून घेतल्या. परवा औंढ्याच्या बाजारात त्यांना त्या बंडीत बघितलं आणि मला उगाचच हात जोडावेसे वाटले. काकांना सांगा, बंडी टिकाऊ निघाली, मीही टिकून आहे.

मग मी हट्टाला पेटलो. आता फडफड आली की ती मशीनपर्यंत तशीच्या तशी न्यायची! हे किती अवघड असतं ते ज्याचं त्याला कळतं. जीपमधी बसलो की मी बोलायचो नाही, पाणी प्यायचो नाही, खोकलासुद्धा दाबून धरायचो. भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखा ताठ. फारुकला म्हणायचो, खड्डे चुकव, ती सांडंल. फारुक म्हणायचा, "चाचा, लोग बिमारी घालवायला दवाखान्यात जातात, तुमी सांभाळून घेऊन चालले!" आणि दवाखान्याची पायरी दिसली की ती जायची. एकदा तर मशीनच्या तारा छातीला चिकटवल्या, बाई म्हणाली हलू नका, आणि तेवढ्यात गेली. मी त्या बाईला म्हणालो, जरा थांबा, येईल परत. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते तुम्ही माझ्याकडं बघता तसंच होतं.

सत्त्याण्णवमधी मिनाची आई पारुबाई गेली. तुम्ही तेव्हा तेरा दिवस पाठीशी उभे राहिलात, ते मी विसरलो नाही. ती होती तोवर फडफड आली की ती चुलीपुढून उठून यायची, छातीवर पंजा ठेवायची आणि म्हणायची, "जाईल, उगं बस." आणि फडफड जायची. ती गेल्यावर महिनाभरानं मोठी फडफड आली, तेव्हा तुम्ही सात माणसं घेऊन आलात, आणि मी परत एकदा भाकरी खाताना सापडलो. (भूक लागते गं त्याच्यानंतर, मी काय करू.)

आता डॉक्टरांचं ऐका. ऑक्टोबरात, अष्टमीच्या दिवशी सकाळी फडफड आली ती गेलीच नाही. दोन दिवस बघितले, आठ दिवस बघितले, दिवाळी झाली, तरी चालूच. मला दम लागायला लागला, पावलं सुजली. शेवटी डिसेंबरात फारुकनं नांदेडला हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. मी सोबत माझं रजिस्टर नेलं होतं. एकतीस वर्षं मी धरणाच्या गेजपट्टीवरचं पाण्याचं माप लिहिलं, तर एवढी सवय लागली की फडफडीचंही लिहून ठेवलं होतं: तारीख, चालू कधी, बंद कधी. त्या डॉक्टरांनी रजिस्टर बघितलं आणि खुर्चीतच मागं टेकले. म्हणाले, आजवर एवढी नोंद कोणी आणली नाही. व्याहीबुवा, चार वर्षांत मला शाबासकी देणारा पहिला माणूस तो. शहाण्णवमधी वर्षातून तीन वेळा, दोन-तीन तास. अठ्ठ्याण्णवमधी महिन्याला एकदा, दिवस-दिवस. मागच्या उन्हाळ्यात चार-चार दिवस. आणि अष्टमीच्या पुढं 'बंद' या खान्यात काहीच नाही, कारण लिहायला काही घडलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, याची चालच अशी. आधी आपणहून येते आणि आपणहून जाते. मग आली की मुक्काम करते, औषधानं नाहीतर विजेचा झटका देऊन काढावी लागते. मग काढली तरी परत येते. आणि शेवटी ती कायमची राहते, तेव्हा डॉक्टरनं आणि पेशंटनं मिळून तिला सरळ करायचा नाद सोडायचा, धावणं तेवढं गोळीनं कमी ठेवायचं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक फडफड पुढच्या फडफडीला जागा करून देते. मी म्हणालो, साहेब, हे मला शिकवू नका. पाट एकदा फुटला की तिथंच फुटतो, आणि दर वेळी भगदाड मोठं करून ठेवतो. डॉक्टर म्हणाले, अगदी हेच. मग त्यांनी पडद्यावर माझ्या काळजाचा वरचा डावा कप्पा मोजला. चार सेंटीमीटरच्या आत पाहिजे, माझा पाच पूर्णांक दोन. पसरलेला. पसरला म्हणून फडफडतो, आणि फडफडतो म्हणून अजून पसरतो.

मी विचारलं, काही जणांची वर्षानुवर्षं ये-जा करते आणि माझीच चार वर्षांत घर करून बसली, असं काहून? तर ते बोटं मोजत विचारायला लागले. वय? बासष्ट. ब्लडप्रेशर? आहे. (गोळी मधी सोडली होती. मामांना हे वाचून दाखवू नको.) बिडी? एकतीस वर्षं, सरकारी ड्यूटीवर. त्यांनी पाठीला नळी लावून बघितलं, म्हणाले फुप्फुसं बिडीनं खाल्ली. पावलांची सूज बघितली, म्हणाले हृदयाचा जोरही कमी झाला. मग शेवटचं बोट धरून विचारलं, मागं कधी हात लुळा पडला, बोलणं अडखळलं असं झालं होतं का? मी नाही म्हणणार होतो. पण नव्याण्णवच्या उन्हाळ्यात चहाची बशी हातातून सुटली होती आणि पाव तास जीभ जड झाली होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. घरात सांगायला होतं कोण. ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यातलं एकेक ज्याला असतं त्याची लवकर कायम होते, तुम्हाला तर जवळजवळ सगळंच आहे. चौथीत गणितात मला पाच मार्क पडले होते. इथं पहिल्यांदाच मी चांगल्या मार्कांनी पास झालो.

आजार कशानं वाढतो ते डॉक्टरांनी सांगितलं. माणसं कशानं कमी होतात ते मी घरी बसून शोधलं. पहिल्या वेळी तुमची अकरा धरून त्रेचाळीस माणसं बघायला आली होती. इतकी केळी आणि बिस्किटं जमली की पारुबाईनं अर्ध्या तांड्याला वाटली. दुसऱ्या वेळी वीस-बावीस. मग पाच-सहा, तीही बैलाचं दावं शोधत आलेली. ये-जा होती तोवर लोक विचारायचे तरी, संतराम, परत झालं का? आता कायम झाली तर विचारायचं काय? रोज मरे त्याला कोण रडे. मी कॅम्पातल्या चहावाल्याला मुद्दाम सांगून बघितलं, आता माझी कायमची झाली. तो म्हणाला, बरं झालं, एकदाची मिटली कटकट. मी चहा पिऊन घरी आलो. आमच्या तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गेलीत, दारांना काट्या लावलेल्या आहेत. काही दिवस असे जातात की सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि मग फारुकचा हॉर्न वाजला की मी उगाच ओरडून विचारतो, गाडी कुठं चालली? ती औंढ्याला चालली असते, रोज तिकडंच जाते. एकटं वाटतं, व्याहीबुवा. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं.

नांदेडहून येताना जीप वसमतला अर्धा तास थांबली होती. समोर कुरुंद्याचा टेम्पो भरत होता. कागद खिशात होता. टेम्पोवाल्यानं विचारलं, बाबा, येता का? मी म्हणालो, नाही, मला औंढ्याला जायचं. लेकीच्या दारात हातात कागद धरून पुरावा द्यायला उभं राहणं मला जमलं नाही. मी खात्यात होतो तेव्हा शेतकरी असेच कागद धरून माझ्यापुढं उभे राहायचे, आणि मी त्यांना सोमवारी या म्हणायचो, हेही आठवलं.

आता एकच काळजीचं आहे. तो वरचा कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो, म्हणून रक्त तिथं साचून राहतं. साचल्या पाण्यात गाळ धरतो तशी रक्ताची गाठ धरते. ती सुटून डोक्यात गेली तर अर्धं अंग जातं, वाचा जाते. रक्त पातळ ठेवायची भारी गोळी आहे, पण तिच्यासाठी महिन्याच्या महिन्याला नांदेडला रक्त तपासायला जावं लागतं; मला सध्या साधी गोळी दिली आहे. मरायची मला भीती नाही, हिरासिंगकाकांची तयारी आपण बघितलीच आहे. वाचा जायची भीती वाटते. मी बडबड्या माणूस. एकतीस वर्षं कालव्यावर पाण्याशीसुद्धा बोललो. मुका होऊन खाटेवर पडलो आणि तेव्हा तुम्ही पोरीला धाडलं, तर मी तिच्याशी काय बोलणार?

पत्र फार लांबलं. व्याहीणबाईंना दाढेसाठी वसमतला नेऊन आणा, लवंगेनं कीड जात नाही. जगनरावांना म्हणावं, मोटारीच्या वायरला उघडे जोड ठेवू नका. तुमचा विश्वासू नसलेला, पण तुमचाच,

संतराम राठोड

ता. क. १. मिनाला आठ दिवसांसाठी धाडा. हळदीच्या काढणीआधी, म्हणजे तुमचं काम अडणार नाही. मला मुलगा नाही, तिला आणायला कोणाला पाठवू? जगनरावांनीच सोडून जावं. सेवाला बरोबर द्या. आठ जमत नसतील तर चार. चार जमत नसतील तर सकाळी येऊन संध्याकाळी परत, फारुक सोडंल.

ता. क. २. व्याहीबुवा, कागद लावून खरं ठरल्यावर एक खोटं पोटात ठेवणं बरं नाही. दोन वर्षांखाली त्या दिवाळीला तुम्ही धावत आलात, तेव्हा फडफड आलीच नव्हती. काळीज घड्याळासारखं चालू होतं. मीच फारुकला म्हणालो, कुरुंद्याला सांग, संतराम लई सिरियस आहे. मिनाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पारुबाई नाही म्हणून ते तुमच्याकडं झालं. सेवा पाच महिन्यांचा झाला होता आणि मी त्याला बघितलं नव्हतं. तुम्ही सगळे धावत आलात, व्याहीणबाई अनवाणी जीपमधून उतरल्या. तुम्ही रागावून पोरीला लगेच परत नेलं, पण तेवढ्यात पाऊण तास तो माझ्या मांडीवर होता. तुम्ही त्या दिवशी अंगणात बोललात ते बराबर होतं. चूक माझी होती. कान धरतो. पण तसंच परत घडलं तर परत तसंच सांगीन.

ता. क. ३. (मिना, हे वाचू नको. घडी घाल आणि मामांना म्हण, पत्र संपलं. बाई, कागद सोबत आहे आणि पोरीला धाडा, एवढ्या दोन ओळीत काम झालं असतं. एवढं लांबवलं काहून, सांगू? तुमच्या तांड्यावर टपाल बुधवारी येतं. मामा चारच्या सुमाराला रानातून येतात, चहा घेतात आणि तुला ओसरीवर बसवून वाचायला लावतात, असं तू मागं लिहिलं होतंस. मी हे इथं मोठ्यानं वाचून बघितलं. सावकाश वाचलं तर अर्धा तास पुरतं. बुधवारी चार वाजता मी दारात खाट टाकून बसणार आहे, आणि तेवढा अर्धा तास तू बोलून राहिलीस आणि मी ऐकून राहिलो, असं धरणार आहे. त्यांनी हो म्हणलं तर ये. नाही म्हणलं तर रडू नको, भांडू नको. त्यांना म्हण, मामा, तुम्हाला नीट कळलं नाही. आणि पहिल्यापासून परत वाच.)